मळ्यातलं जुनं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधला इंदिरानगरचा फ्लॅट सोडून आम्ही गिरणाऱ्याच्या पुढे एका मळ्यात राहायला आलो त्याला आता सहा पावसाळे झाले. घर जुनं, दगड-मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर मंगलोरी कौलं. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, मुंबई-पुण्याचे नातेवाईक सगळे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. हे सगळं आमच्या अनुभवातून आलेलं आहे, कायद्याचं काम असेल तिथे वकील गाठाच.

फ्लॅट विकून एकदम शिफ्ट व्हावं का?

नाही. मला कोणी एकच गोष्ट विचारली तर हीच सांगेन, की घर ताब्यात आलं तरी त्याला हात लावू नका, आधी एक आख्खा पावसाळा तिथे काढा. मृगापासून हस्तापर्यंत. भले गळू दे, बादल्या ठेवा, पण रहा. कारण उन्हाळ्यात बघितलेलं घर आणि श्रावणातलं घर ही दोन वेगळी घरं असतात.

आमचंच सांगते. मृगात वाऱ्यासोबत पाऊस आला तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर सरळ झड बसते हे कळलं. आर्द्रात कळलं की मागच्या पडवीत पाणी वरून नाही, जमिनीतून येतंय, कारण मागचा बांध उंच आणि चर बुजलेला. मग जुलैच्या शेवटी तो म्हातारा पाऊस लागला, आठ-आठ दिवस नुसती रिपरिप, ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, पीठाला वास येतो, आणि त्या दिवसांत मुलगी म्हणाली आई आपण परत जाऊया. तो आठवडा ज्याला निभावता येतो त्याने पुढचा विचार करावा. आम्ही जर मे महिन्यातच ठेकेदार लावला असता तर पडवीला वरून वॉटरप्रूफिंग केलं असतं आणि चर तसाच राहिला असता, पैसे पाण्यात. चर मोकळा करायला शेवटी दोन माणसं आणि दीड दिवस लागला.

नाशिक जिल्ह्यात कुठे बघावं?

आधी पाऊस बघा, मग भाव. आपला जिल्हा एक नाही, तीन-चार जिल्हे आहेत असं समजा. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि येवला-नांदगावकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे इगतपुरी-त्र्यंबक-पेठच्या पट्ट्यात मातीचं घर म्हणजे छप्पर उतरतं हवं, वळचण लांब हवी, भिंतीला पाणी लागता कामा नये, तिकडची जुनी घरं कारवीच्या कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून माती लिंपलेल्या भिंतींची असतात ती उगाच नाही. सिन्नर-येवल्याकडे उलट, तिथे सपाट माळवदाची, म्हणजे मातीच्या धाब्याची घरं पण टिकतात, पण उन्हाळ्यात विहीर तळाला जाते. निफाडला थंडी कडाक्याची, थंडीच्या लाटेत पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि ऊस आला की बिबट्या आलाच. दिंडोरी आणि गिरणाऱ्याकडचा भाग मधला, ना फार पाऊस ना फार कोरडा, म्हणून आम्ही इकडे आलो.

भावाचं म्हणाल तर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, त्याने सिन्नर-इगतपुरीकडे, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थाने त्र्यंबक रस्त्याकडे जमिनींचे भाव चढलेत. ‘बॅकवॉटर टच’ म्हणून धरणाकाठची जमीन दाखवतात तिथे तर दहादा विचार करा, त्यातली किती जमीन धरणासाठी संपादित झालेली आहे ते आधी काढा.

आमच्या नावावर सातबारा नाही, शेतजमीन घेता येईल का?

साध्या मार्गाने नाही. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आहे, शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आमच्या घरी मिस्टरांच्या नावावर सिन्नर तालुक्यात वडिलोपार्जित थोडी जमीन होती म्हणून जमलं. तुमचं नाव गावच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर लागायचं राहिलं असेल तर आधी ती वारस नोंद करून घ्या, बऱ्याच लोकांचं तेवढंच अडलेलं असतं. नाहीतर गावठाणातलं जुनं घर बघा, त्याला ही अट नाही. आणि कोणी ‘कागद करून देतो, शेतकरी दाखला मिळवून देतो’ म्हणाला तर त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नका.

कागद कोणते बघायचे?

सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, आणि मागचे सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा, वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा, सगळं तिथेच लपलेलं असतं, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क. पेठ, सुरगाणा, कळवण आणि त्र्यंबक, दिंडोरी, इगतपुरीच्या बऱ्याच भागात आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत, त्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ खाली येतात, बिगर आदिवासीला त्या अशा घेता येत नाहीत आणि घ्यायचा प्रयत्नही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती त्यांची जमीन आहे.

घर शेतात असेल तर ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत लागलंय का विचारा. मोजणी करून घ्या, हद्द कायम करा, बांधावरून भांडणं पिढ्यान् पिढ्या चालतात.

आणि रस्ता! लोक घर बघतात, विहीर बघतात, रस्ता विसरतात. डांबरी सोडल्यावर घरापर्यंत जायला कोणाच्या वावरातून जावं लागतं, तो रस्ता कागदावर आहे की नुसता वहिवाटीचा, हे विचारा. शेताला रस्ता नसेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आहे, पण ज्या शेजाऱ्याशी जन्मभर राहायचं त्याच्याशी पहिल्याच वर्षी केस नको असेल तर हे आधीच मिटवून घ्या.

जुनं घर चांगलं आहे का मोडकळीला आलंय, कसं ओळखायचं?

रंगाकडे बघू नका, खांबाच्या पायाकडे बघा. प्रत्येक लाकडी खांबाखाली दगड असतो, तळखडा म्हणतात त्याला. खांब तळखड्यावर टेकतो तिथे स्क्रू ड्रायव्हर घेऊन हळूच टोचा. लाकूड खणखणीत लागलं तर घर निम्मं पास. भुसा आला, वाळवीची माती आली तर तो खांब गेला. पण खांब गेला म्हणजे घर गेलं असं नाही हं, जाणता सुतार तुळईला टेकू देऊन खांब बदलतो. आमचे दोन बदलले, त्याला साग मिळाला जुन्या नाशकातल्या एका पाडलेल्या वाड्याचा, नव्या लाकडापेक्षा कितीतरी सरस, हात लावला की कळतं.

मग भिंत. वरून खाली बघत या, पोट सुटलंय का. बारीक तडे मातीच्या भिंतीला असतातच, पण कोपऱ्यातून तिरकी जाणारी, बोट शिरेल एवढी भेग असेल तर पाया हललाय. काळ्या जमिनीत हे फार होतं, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घर दरवर्षी थोडं थोडं हलतं. जुन्या लोकांनी घरं पांढरीत (गावठाणाच्या पांढऱ्या मातीत) आणि पिकं काळीत ठेवली त्यामागे हेपण कारण असणार असं मला वाटतं.

भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं तर?

कृपा करून नका करू. आम्ही ही चूक केलेली आहे म्हणून कळकळीने सांगतेय. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसते म्हटल्यावर गवंडी म्हणाला सिमेंट मारून टाकू, कायमचं काम. दिसायला झकास झालं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, श्वास घेते म्हणा ना. बाहेरून सिमेंट बसलं की जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट नाही, ती आत साचते. दुसऱ्या पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, रात्री मोठा आवाज झाला, जाऊन बघतो तर दारापेक्षा मोठा प्लास्टरचा पत्रा सुटून पडलेला आणि आतली माती शिऱ्यासारखी मऊ झालेली. हाताने निघत होती. सुदैवाने तिथे कोणी झोपलेलं नव्हतं.

मग सगळं सिमेंट उतरवलं, भिंत दिवाळीपर्यंत वाळू दिली, आणि मातीचा गिलावा केला. तीच पडलेली माती चाळून घेतली, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण, पाणी घालून आठ-दहा दिवस कुजवायची, रोज पायाने तुडवायची, आंबूस वास यायला लागला आणि चिखल चिकट झाला की लावायची. वरून चुन्याचा हात. आणि झडीसाठी वळचण दोन फूट वाढवली, खरा इलाज तोच होता, भिंत नाही छप्पर वाढवायचं. तेव्हापासून ती भिंत कोरडी आहे. दरवर्षी दिवाळीत थोडी डागडुजी लागते, अर्ध्या दिवसाचं काम.

कौलं ठेवावी की पत्रा, स्लॅब?

कौलं. १०० चौरस फूट छपराला साधारण १३० ते १५० मंगलोरी कौलं लागतात, फुटलेली बदलायला जुनी कौलं गावोगावी मिळतात कारण लोक स्लॅब टाकतायत आणि कौलं उकिरड्यावर. आमच्याकडची काही कौलं पालथी केली की पोटाला ‘मोरबी’ असं उमटलेलं दिसतं, म्हणजे पार गुजरातमधून आलीत बघा. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. स्लॅबचं वजन मातीच्या भिंतींवर टाकणं म्हणजे सरळ धोका, त्यासाठी वेगळे कॉलम लागतात आणि मग ते जुनं घर उरतच नाही.

कौलांना एकच आहे, दरवर्षी शाकारणी. मे महिन्यात रोहिणीच्या आत सगळी कौलं चाळायची, कचरा-पानं काढायची, सरकलेली बसवायची, कुजलेली रीप, म्हणजे कौलांखालची लाकडी पट्टी, बदलायची. माकडं आली की पुन्हा.

वाळवीचं काय करता? पेस्ट कंट्रोल?

पायाला एकदा केलं. पण खरी गोष्ट आम्हाला शेजारच्या नानांनी सांगितली. घर आमच्या आधी सात-आठ वर्षं बंद होतं, वाशांना बारीक बारीक भोकं पडलेली, खाली पिवळा भुगा सांडायचा, घुण लागलेला. नाना आले, वर बघितलं आणि म्हणाले, “ताई, घराला धूर लागतो. चूल बंद झाली का घर खचलं समजा.” मला आधी वाटलं म्हणायचं म्हणून म्हणतायत. पण माजघरातल्या चुलीच्या वरचे वासे काळेकुळकुळीत आणि एकही भोक नाही, आणि पलीकडच्या खोलीतले, जिथे कधी चूल नव्हती, ते पोखरलेले. डोळ्यांनी दिसत होतं. धुराने लाकूड कोरडं राहतं, किडा बसत नाही. गॅस आहेच आमच्याकडे, पण पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा चूल पेटवतो, पाणी तापवायला, भाकरीला, झरोका उघडा ठेवून. बाकी लाकडाला जवसाचं तेल, सुतार बेलतेल म्हणतात ते, वर्षाआड.

पाणी?

विहीर स्वतःची आहे की हिश्श्याची ते सातबाऱ्यावर बघा. हिश्श्याची असेल तर पाळी ठरलेली असते, तुमची पाळी कोणते दिवस, मोटार कोणाची, लाईटबिल कोण भरतं, सगळं व्यवहाराच्या आधी चार लोकांसमोर बोलून घ्या. एप्रिलच्या शेवटी विहिरीत डोकावून बघा, दिवाळीत प्रत्येक विहीर भरलेली दिसते.

प्यायच्या पाण्याची तपासणी करून घ्या. पावसाळ्यात टाकीत ब्लीचिंग पावडर, १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आणि तासभर थांबून मगच वापरायचं. आम्ही उकळूनही घेतो.

लाईट आणि नेट?

गावठाणात बरी असते, मळ्यात शेतीच्या लाईनवर असाल तर थ्री फेजचं वेळापत्रक बदलत राहतं, कधी दिवसा कधी रात्री, बाकी वेळ सिंगल फेजवर घर चालतं. वादळात खांब पडला तर दोन-तीन दिवस धरून चाला. इन्व्हर्टर घ्याच, जमलं तर सोलर. मिस्टर घरून काम करतात, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि छपरावर अँटेना, तरीही महत्त्वाची मीटिंग असली की ते सकाळीच नाशकात जातात. घर घ्यायच्या आधी मोबाईल घेऊन प्रत्येक खोलीत उभं राहून बघा, मातीच्या जाड भिंतीत रेंज मरते.

साप, बिबट्या... भीती नाही वाटत?

वाटते. आणि वाटायलाच पाहिजे, त्याने माणूस नीट वागतो.

आपल्याकडे मुख्य विषारी चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सगळ्यात सांभाळायचं ते मण्यारपासून, ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतच नाही, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून खाटेवर झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, हा आमच्या घरातला नियम आहे, पाहुण्यांनाही लागू. धान्य डब्यात, म्हणजे उंदीर नाही, उंदीर नाही तर साप कमी. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि बूट. चावलंच तर बांधणं, कापणं, मंत्र काही नाही, हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरचं इंजेक्शन असल्याची खात्री फोनवरच करायची. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते मिळतं हे राहायला यायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या.

बिबट्या ऊस आणि नदीकाठ धरून असतो, दारणाकाठी, निफाडला जास्त, पण इकडेही येतो. आमच्या वस्तीवरचं एक कुत्रं त्याने नेलं. संध्याकाळ झाली की लहान मुलं अंगणात एकटी नाहीत, शेळ्या-कुत्री बंद गोठ्यात, वरूनही जाळी. ऊसतोडीच्या दिवसांत जास्त जपायचं कारण त्याची लपायची जागा जाते. दिसला तर मागे धावू नका, व्हिडिओ काढू नका, वनखात्याला १९२६ वर कळवा.

शेजारी द्राक्षबाग आहे, फार छान वाटत असेल ना?

जानेवारीत हो. पण ऑक्टोबर छाटणीनंतर जो फवारणीचा हंगाम सुरू होतो त्याबद्दल कोणी सांगत नाही. ढगाळ हवा आली की डाऊनी, थंडी-धुकं आलं की भुरी, हे द्राक्षाचे बुरशीचे रोग, बिचारा शेतकरी तरी काय करणार, ट्रॅक्टरचा ब्लोअर पहाटे सुरू. वारा आपल्याकडे असेल तर सगळं घरात. आम्ही शेजारच्या भाऊंना विनंती केली, आता ते आदल्या रात्री फोन करतात, “वहिनी, सकाळी औषध मारायचंय,” मग आम्ही खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत, पाण्याची टाकी झाकलेली. बांधावर शेवरी आणि बांबू लावलेत, तीन वर्षांत आडोसा झालाय. दम्याचं माणूस घरात असेल तर बागेला लागून घर घेऊच नका.

गावातले लोक स्वीकारतात का?

तुम्ही ‘सर-मॅडम’ राहिलात तर नाही. कोणाकडे दुःख झालं तर जायचं, दहाव्याला जायचं, सप्त्याची वर्गणी द्यायची आणि एक दिवस पंगतीत वाढायलाही उभं राहायचं. गेट लावून कंपाऊंड उंच केलं की माणसं तुटतात. पूर्वी आमच्या अंगणातून बायका विहिरीकडे जायच्या, ती वाट आम्ही बंद केली नाही, आणि मला वाटतं आमचं इथे जे काही बरं चाललंय ते त्या वाटेमुळे. जाता-येता त्यांच्यातल्या आक्का डोकावतात, नागलीची भाकरी कशी थापायची, कोणती रानभाजी खायची कोणती नाही, सगळं मी ओट्यावर बसून शिकले.

शेती करून घर चालेल का?

पहिली पाच वर्षं तरी नाही धरायचं. बाजारात टोमॅटोचे भाव कसे पडतात ते बघितलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. बाहेरची कमाई सुरू ठेवा, घरापुरतं पिकवा.

मुलांची शाळा, म्हातारी माणसं?

मुलगी एसटीने जाते, पाऊण तास, तिला आता सवय झाली. सासूबाईंना सगळ्यात जास्त मानवलं, गुडघे दुखायचे थांबले नाहीत पण दिवसभर ओट्यावर माणसं असतात. हृदयाचा वगैरे त्रास असेल तर नाशिकपासून अर्ध्या तासाच्या आतच बघा.

बघायला आलो तर चालेल का?

या की. फक्त हुरड्याच्या दिवसांत सगळे येतात, तेव्हा घर छानच दिसतं. खरं बघायचं असेल तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात या, आमची शाकारणी असते. खालून वर कौलं हातोहात द्यायला माणसं नेहमी कमी पडतात. जुने कपडे आणा, दुपारी पिठलं-भाकरी आणि कांदा, आणि छपरावर चढायचं असेल तर चपला खाली काढून, रिपेवर पाय ठेवायचा, कौलावर नाही.